वाचनालयाच्या खणात बियाण्यांनाही जागा असावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्टचा दुसरा आठवडा आमच्याकडे रानभाज्यांचा असतो. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, मांडवात कुर्डू, भारंगी, करटुली, चाईचा मोहोर मांडलेला दिसतो, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त आम्ही ग्रंथपाल आपापल्या वाचनालयात त्यांच्या तसबिरीला हार घालतो. आपल्या दैनिकात यंदाही दोन्हींच्या बातम्या आल्या. त्या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मात्र कोणाला वाटलेले दिसले नाही. माझ्या अनुभवाने तो आहे, आणि शासनाने तो अनुदानाच्या नियमांत मान्य करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अकोले तालुक्यातल्या प्रवराकाठच्या एका गावात ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. इमारत दोन खोल्यांची. एकीत ग्रंथांची कपाटे, दुसरीत वृत्तपत्रांचे लांब टेबल आणि दोन बाक. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली अशी वाचनालये राज्यात हजारोंनी आहेत. ज्या गावात दवाखाना नाही, बँक नाही, तिथेही सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडणारी, कोणालाही कामाशिवाय येऊन बसता येईल अशी ही एकमेव जागा असते. तिचे मोल आपण केवळ पुस्तकांच्या संख्येवर ठरवतो, हे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे.

आधी ताटाविषयी. आमच्या गावात धान्याची ददात पूर्वीसारखी राहिलेली नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, शाळेत दुपारचा पोषण आहार आहे, आणि आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत गरोदर व स्तनदा मातांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण मिळते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. चौथ्या फेरीत स्त्रियांचा हाच आकडा ४८ टक्के होता. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि मी काही वैद्य नव्हे. पण भात-भाकरीच्या शेजारी ताटात काय पडते, हे मला रोज दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी खावी. आमच्या गावातून टोमॅटोचे क्रेट भरून गाड्या नारायणगावच्या बाजाराला जातात, ऊस कारखान्याला जातो, आणि त्याच गावातली बाई आठवडी बाजारात मेथीची एक जुडी घेऊन ती दोन दिवस पुरवते. घरामागचा परसू होता तिथे फरशी आली, सांडपाणी गटारात गेले, आणि सांडपाण्यावर वाढणारे आळू, शेवगा, वालाचा मांडव हे सगळे आपसूक गेले.

वाचनालयाचा यात शिरकाव झाला तो योगायोगाने. आमच्याकडे ग्रंथसूचीच्या कार्डांचे एक जुने लाकडी कपाट होते, चोवीस खणांचे, प्रत्येक खणाला पितळी कडी आणि नावाची चिठ्ठी लावायची चौकट. नोंदी संगणकावर गेल्यावर ते रिकामे पडले होते आणि कार्यकारिणीत ते मोडीत काढण्याचा विषय निघाला होता. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा त्यांच्या गावठी बियाण्यांच्या बँकेविषयीची कात्रणे मी फलकावर लावली होती. ती वाचून टेबलावरच्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी कोटाच्या खिशातून वालाच्या बिया काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “मॅडम, हा आमच्या आईचा वाल आहे. माझ्यामागं कोणी लावायचा नाही. तुमच्याकडं राहू द्या.” पुस्तक भेट आले तर ते कुठल्या नोंदवहीत चढवायचे हे मला ठाऊक होते. बियांचे काय करायचे ते ठाऊक नव्हते, म्हणून मी पुस्तकाचेच केले: दाखल क्रमांक दिला, खाकी पाकिटात भरले, पाकिटावर वाणाचे नाव, देणाऱ्याचे गाव आणि तारीख लिहिली, आणि पाकीट ‘व’च्या खणात ठेवले.

त्या मोसमात खणांत सात वाण जमले आणि पुढच्या मोसमात वीस. नियम साधा ठेवला. सभासदाने पाकीट न्यावे, परसात लावावे, भाजी खावी, आणि शेवटच्या शेंगा वेलावरच पिकू देऊन जितके बी नेले त्याच्या दुप्पट परत करावे. अनामत नाही, विलंबशुल्क नाही. पुस्तक हरवले तर किंमत वसूल करण्याची आम्हाला सवय. बी पावसाने कुजले तर ते हरवले असे म्हणायचे की नाही, यावर कार्यकारिणीत पाऊण तास चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला नाही.

चुकाही झाल्या, आणि त्या सांगितल्या पाहिजेत, कारण दुसऱ्या कोणी असे कपाट उघडले तर त्याच चुका होतील. पहिल्याच पावसाळ्यात खणांत भुंगेरे पडले. पाकिटे हलवली की आतून पिठूळ भुसा गळायचा. पुस्तकांची कपाटे शेजारीच, त्यामुळे माझी झोप उडाली. ही गोष्ट मी वाचकांना न सांगता आवरायच्या विचारात होते, पण वाल देणाऱ्या आजोबांच्या पत्नी नेमक्या त्याच दिवशी आल्या, एक पाकीट नाकाशी धरले आणि म्हणाल्या, “बाई, राख नाय घातली व्हय?” चार दिवस कडक ऊन, मग चाळलेली गोवरीची राख, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि कागदी पाकिटाऐवजी घट्ट झाकणाचा डबा, हे सगळे त्यांनी बाकावर बसून सांगितले आणि मी ते लिहून घेतले. आता खणांत पाकिटे नाहीत, छोट्या बरण्या आहेत. पाकिटे पेरणीच्या वेळी भरतो.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. परत आलेले दुधीचे बी पुढच्या वर्षी एका घरी लावले गेले आणि त्याचे फळ कडू निघाले. कडू दुधी नुसता बेचव नसतो. तो पोटात गेला तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. सुदैवाने त्या घरच्या ताईंनी चिरतानाच जिभेला लावून पाहिला आणि उकिरड्यावर टाकला. दुधी, काकडी, भोपळा यांच्या फुलांवर माशी इकडून तिकडे जाते, शेजारच्या रानवेलीचा परागही घेऊन येते, त्यामुळे त्यांचे बी शुद्ध राहील याची हमी साध्या परसात देता येत नाही. वाल, घेवडा, चवळी यांचे बहुतांशी स्वपरागीकरण होते, त्यामुळे त्यांचे बी पुष्कळसे आहे तसे राहते. तेव्हापासून आम्ही शेंगवर्गीय भाज्या आणि तांदुळजा, अंबाडी, चुका, राजगिरा एवढ्यांचेच बी परत घेतो. वेलवर्गीय भाज्यांचे बी फक्त बाहेर जाते, आत येत नाही. संकरित वाणही घेत नाही, कारण त्याचे पुढच्या पिढीत काय होईल ते सांगता येत नाही.

हे कायद्यात बसते का, असा प्रश्न आमच्या एका वकील सभासदांनी विचारला होता आणि तो योग्य होता. १९६६चा बियाणे अधिनियम मुख्यतः विक्रीच्या बियाण्यांची गुणवत्ता पाहतो. आम्ही काही विकत नाही. शिवाय वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त नाममुद्रेखाली विकता येत नाही. अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला होता. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराच्या सार्वजनिक वाचनालयात २०१० साली बियाण्यांचे कपाट सुरू झाले आणि त्या धर्तीवर तिकडे अनेक वाचनालयांनी ते उघडले; पण २०१४ साली पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्ग या छोट्या गावच्या वाचनालयाला तिथल्या राज्याच्या कृषी खात्याने बियाणे कायद्यावर बोट ठेवून अडवले. वाचनालयाच्या पाकिटांना व्यापारी बियाण्याचेच चाचणी आणि लेबलाचे निकष लावायचे म्हणजे ते काम बंद करण्यासारखेच होते. पुढे २०१६ साली खात्याने विक्री नसलेल्या देवाणघेवाणीला तो कायदा लागू होत नसल्याचे मान्य केले. आपल्याकडे कायदा आधीपासूनच आपल्या बाजूचा आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. कॅलिफोर्नियात २०१३पासून उन्हाळ्याच्या सुटीत सार्वजनिक वाचनालयांत मुलांना विनामूल्य दुपारचे जेवण देण्याचा उपक्रम चालतो, कारण शाळा बंद झाली की शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेली मुले उपाशी राहतात. फिलाडेल्फियाच्या मध्यवर्ती वाचनालयात २०१४पासून स्वयंपाक शिकवण्याचा ओटाच आहे. हे वाचून आमच्या एका उत्साही संचालकांनी मे महिन्यात वाचनालयात खिचडी शिजवावी असे सुचवले. मी विरोध केला. शिजवण्याला गॅस, पाणी, स्वच्छता, जबाबदार माणूस लागतो. ते काम शाळा आणि अंगणवाडीचे आहे आणि सुटीतही त्यांनीच ते करावे. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही मध्यान्ह भोजन चालू ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलेले आहे. वाचनालयाने आपल्या स्वभावाला धरून काम करावे. जपणे, नोंदवणे, उसने देणे, वाचून दाखवणे आणि विचारणाऱ्याला योग्य दारापर्यंत पोहोचवणे, एवढे आम्हाला येते.

वाचून दाखवण्याचे काम तर अन्नाच्या बाबतीत किती महत्त्वाचे आहे याची मला कल्पनाच नव्हती. वृत्तपत्रांच्या टेबलावर ज्येष्ठांसाठी एक भिंग दोरीने बांधून ठेवलेले असते. एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आलेल्या मुलांना मी त्यांच्याच खिशातल्या पाच रुपयांच्या पुड्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि भिंगातून मागची बारीक अक्षरे वाचायला लावली. घटकांच्या यादीत जे पहिले लिहिलेले असते ते सर्वांत जास्त असते, हा नियम एकदा कळल्यावर सहावीतल्या एका मुलीने चार बिस्किटांच्या आणि दोन सरबताच्या पुड्या स्वतःच क्रमाने लावल्या आणि सरबताच्या पुडीवर पहिले नाव फळाचे नसून साखरेचे आहे हे तिने मला दाखवले. मुलांनी पुड्या खायचे थांबवले असा माझा दावा नाही. त्या त्यांनी तिथेच खाल्ल्या. पण पुढच्या शनिवारी तिची आई भिंग मागायला आली, तिच्या हातात बाळाच्या खाऊचा डबा होता.

बायकांचे येणे, हे माझ्या मते या सगळ्यातले सर्वांत मोठे फळ. खेड्यातले वाचनालय म्हणजे पुरुषांची बैठक, हे आम्ही कितीही नाकारले तरी खरे आहे. बाई दारात उभी राहून मुलाकरवी मासिक बदलून घेते, आत बसत नाही. बियांच्या खणांमुळे त्यांना आत यायला कारण मिळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आता आमच्याकडे पाकिटे न्यायला स्त्रियांची गर्दी असते, आणि सभासद झाल्याशिवाय पाकीट मिळत नाही हा नियम मी मुद्दाम ठेवला आहे. बी न्यायला आलेल्या काहींनी पुढे पुस्तकेही नेली. सगळ्यांनी नाही, पण काहींनी नेली.

रेशनचे तसेच. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी धावपळ सुरू झाली तेव्हा वाचनालयातल्या संगणकासमोर रांग लागली. त्यात असे लक्षात आले की हंगामात नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जाणारी बरीच कुटुंबे तिकडे असताना आपले धान्य उचलतच नाहीत, कारण ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेखाली ते तिथल्या दुकानातूनही मिळते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मी ती माहिती मोठ्या अक्षरांत लिहून फलकावर लावली आणि वाचता न येणाऱ्यांना तोंडी सांगितली. यात शौर्य काही नाही. ग्रंथपालाला संदर्भसेवा म्हणून जे शिकवतात तेच हे काम. संदर्भ तेवढा ज्ञानकोशाचा नसून शिधापत्रिकेचा होता.

मर्यादा आहेत आणि त्या मला बोचतात. ज्याला परसू नाही त्याने बी लावायचे कुठे? आम्ही रिकाम्या गोण्या आणि फुटक्या घमेल्यांत तांदुळजा लावून दाखवला, तो येतो, पण चार माणसांच्या घराला तो किती पुरणार? आणि वाचनालय गावठाणात, ग्रामपंचायतीच्या शेजारी. सर्वांत जास्त गरज ज्या ठाकरवाडीला, तिथून ते अडीच किलोमीटर दूर. तिथली माणसे गावात आली तरी वाचनालयाची पायरी चढत नाहीत, आणि याचे कारण केवळ अंतर नाही हे मी लिहून ठेवते. म्हणून आम्ही पेटी तिकडे नेतो. यात नवे काही नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात होत्या. आमच्या पेटीत तीस पुस्तके, बारा बरण्या आणि ते भिंग असते. वाडीवर मात्र देवघेव उलटी झाली: रानभाज्यांची नावे आणि त्या किती पाण्यात उकळून, कोणते पाणी फेकून शिजवायच्या, हे त्यांच्याकडून ऐकून आम्ही लिहून आणले. हस्तलिखित वही आता वाचनालयात आहे आणि सर्वांत जास्त हाताळली जाणारी तीच आहे.

आता मूळ मागणीकडे येते. गेल्या एका वार्षिक तपासणीत मला विचारण्यात आले की या बरण्यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला. खर्च चारशे ऐंशी रुपयांचा होता आणि तो मी पदरचा केला होता, म्हणून प्रश्न मिटला. पण तपासणी करणाऱ्यांचेही चुकले नाही, कारण नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही. ग्रंथखरेदी, वेतन, वृत्तपत्रे, फर्निचर, बांधणी, कार्यक्रम. यांत बी कुठेच बसत नाही. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला, तरी कर्मचाऱ्याच्या हाती महिन्याला जे पडते त्यावर रोजंदारीचा मजूरही हसेल, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तेव्हा मी नवा निधी मागत नाही. वाचनालयाच्या विस्तारकार्यात बियाणे देवघेव, पोषणविषयक वाचन आणि शिधा व आहार योजनांची माहिती देणे यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, वेतनेतर अनुदानातला अगदी अल्प हिस्सा त्यावर खर्च करण्यास मुभा असावी, आणि तपासणीच्या नमुन्यात त्याची नोंद व्हावी, एवढेच मागते. कृषी विभागाने महोत्सवात मांडलेल्या वाणांची मूठभर बी महोत्सव संपल्यावर जवळच्या वाचनालयाच्या स्वाधीन केली, तर मांडव उतरल्यावरही ती लोकांच्या हाती राहतील.

काही जाणकार ग्रंथालयकर्मी याला हसतील. “उद्या वाचनालयात कोथिंबीर विकाल” असे मला तोंडावर ऐकवले गेले आहे. त्यांना मी रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी पाचवा दाखवते: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढ म्हणजे फक्त कपाटांची वाढ, असे त्यांनी म्हटलेले नाही.

एक सूचना तर शासनाला आजही बिनखर्ची अमलात आणता येईल. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, जागतिक अन्न दिन असतो. ज्यांच्या नावाने राज्यात वाचन प्रेरणा दिन होतो त्यांच्याच नावाने मातांची आहार योजनाही आहे. या दोन दिवसांचे परिपत्रक दोन विभागांनी मिळून एक काढले, तर वाचनालयात अंगणवाडीताई आणि अंगणवाडीत ग्रंथपाल असे निदान एक दिवस तरी होईल.

आमच्या खणांतून या खरिपात ४३ पाकिटे बाहेर गेली. वालाच्या शेंगा वेलावर वाळून बी परत यायला पौष उजाडेल, आणि वार्षिक तपासणीही त्याच सुमारास असते. तोवर नमुन्यात रकाना झालेला नसेल तर मी ती नोंद गेल्या वर्षीप्रमाणेच ‘इतर’मध्ये करीन.

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

आपली,
एक ग्रंथपाल,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर